नसांसाठीची प्रोटीन पावडर: चव चांगली, दावा पोकळ

शुगरमुळे बाबाच्या पायाले मुंग्या येतात, रात्री तळपायाची आग होते, म्हणून काकानं तालुक्याच्या बाजारातून हा डबा आणला. कंपनीचं नाव लिहीत नाही, असले डबे सगळीकडं भेटतात. डब्यावर नसेचं (रक्ताची नाही, निरोप नेणारी नर्व्ह) चित्र, नसेवर रिसेप्टर (प्रोटीन चिकटायची खाच), त्यात बसलेलं प्रोटीन अन् खाली मोठ्ठं 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर', म्हणजे एनजीएफ.

आता चित्र काही खोटं नाही बरं. एनजीएफ खरंच आहे, त्याच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी अन् स्टॅनली कोहेन यायले १९८६ चं नोबेल भेटलं. हे प्रोटीन नसेच्या टोकावरच्या ट्रक-ए नावाच्या रिसेप्टरले चिकटते अन् तिथून आत पेशीले निरोप जाते का बापा जग, मरू नोको. बीडीएनएफ म्हणून त्याचाच एक भाऊबंद आहे, त्याचा रिसेप्टर ट्रक-बी. अन् गंमत म्हणजे ज्या सापाले आपण वावरात भेतो त्याच्या विषात कोहेनले एनजीएफ भरपूर सापडलं होतं!

पण पावडर दुधात टाकून पेली का पोटातलं अ‍ॅसिड अन् एन्झाइम तिचे तुकडे पाडते, तुरीच्या वरणाचं जे होते तेच. रिसेप्टरले तर अख्खं प्रोटीन पाहिजे, त्याच्या आकाराची घडी मोडली का ते चिकटतच नाही. म्हणून तं शुगरच्या पेशंटवर एनजीएफची ट्रायल घेतली तेव्हा सुई टोचून दिलं, अन् मोठ्या ट्रायलमधे तरीबी फायदा दिसला नाही, उलट सुईच्या जागी दुखे, कारण एनजीएफ दुखण्याच्या नसाबी जाग्या करते. डोळ्याच्या बुबुळासाठी मात्र त्याचे थेंब २०१८ मधे अमेरिकेत मंजूर झाले, पण ते सरळ डोळ्यातच टाकतात, पोटातून नाही.

मागं बारीक अक्षरात काय लिहिलं पाहा: सोया प्रोटीन, साखर, मेथिलकोबालमिन. साखर! शुगरवाल्याले! अन् मेथिलकोबालमिन म्हणजे बी-१२, त्याची साधी गोळी मेडिकलात या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्तात भेटते. बाबा माळकरी, मटण-अंडं काही नाही, वरून कित्येक वर्षं शुगरची गोळी मेटफॉर्मिन चालू, त्यानंबी बी-१२ उतरू शकते, म्हणून आधी डॉक्टरले विचारून रक्त तपासा, मग काय ते घ्या.

डबा अर्धा संपला तरी बाबाच्या पायाची आग जशीच्या तशी. पाचपैकी एक स्टार, तोबी आंब्याच्या चवीले.