काय हरवलंय का? मोबाइलच्या मॅक्रो लेन्ससोबत नऊ महिने

मेच्या अखेरीस फोनला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स, म्हणजे किड्यामुंगीएवढं बारीक जवळून मोठं दाखवणारी भिंग, मागवली. साडेआठशे रुपये, खोक्यावर '१० एक्स'. मुलीला सुट्टीत उद्योग म्हणून घेतली होती. ती पाच दिवस खेळली आणि तेव्हापासून लेन्स माझ्याच खिशात आहे. सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणारे मला आता ओळखतात, ते हिरवळीवर पालथा पडणारा माणूस म्हणून. "काय हरवलंय का हो?" हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकतोच.

आधी कामाचं. १० एक्स म्हणजे किड्यापासून अंतर साधारण अडीच सेंटिमीटर. तेवढ्यावरच स्पष्ट दिसतं, जरा इकडेतिकडे झालं की सगळं धुकं. स्क्रीनवर बोट टेकवून फोकस धरायच्या नादी लागू नका. श्वास रोखायचा, फोनच केसभर पुढे-मागे करायचा आणि फोटो काढत सुटायचं. तीस काढले तर माझे दोन बरे निघतात. दुसरी गोम अशी की फोनला दोन-तीन कॅमेरे असले तर जवळ गेल्यावर तो स्वतःच्या मनाने कॅमेरा बदलतो आणि लेन्स बसवलेला कॅमेरा बाजूलाच राहतो. पहिले दोन दिवस मी विकणाऱ्याला शिव्या घातल्या. मग सेटिंगमध्ये ते बदलणं बंद केलं आणि लेन्स एकदम 'सुधारली'.

खोक्यावरच्या चित्रात मुंगीचं डोकं स्क्रीनभर आहे. तसलं काही होत नाही. तीन मिलिमीटरची मुंगी फोटोत चिमुकलीच येते, नंतर कापून मोठी करावी लागते. कडा फुटतात, त्यामुळे किडा मधोमधच हवा.

तरीही पैसे वसूल झाले ते जूनमध्येच. मृग लागला, दुसरा पाऊस झाला आणि वाळव्याकडे मामाच्या रानात बांधावर मृगाचे किडे निघाले. लहानपणी काडेपेटीत भरून शाळेत न्यायचो. लाल मखमली पाठीवरून बोट फिरवलं की पाय पोटाशी घेऊन तो मेल्याचं सोंग करायचा. एवढ्या जुन्या ओळखीत मी त्याचे पाय कधी मोजले नव्हते. लेन्समधून मुलीने मोजले. आठ! मी पुन्हा मोजले. आठच. किड्याला सहाच असतात, म्हणजे हा किडाच नव्हे, कोळी-गोचिडांच्या गोतातला. पस्तीस वर्षं चुकीच्या नावाने हाक मारतोय. आणि ती मखमल म्हणजे दाट लाल केस, एकेक सुटा दिसतो. मुलगी म्हणाली, "बाबा, ह्याला कंगवा लागंल."

पावसाळ्यात लेन्सचे हाल झाले. आत वाफ धरायची. बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी टाकून डबीत ठेवायला लागल्यापासून बरं आहे. जुलैत चिमट्याचं रबर निघालं. तक्रार केली तर उत्तर आलं, परतीची मुदत संपली. शेवटी सायकलच्या दुकानातून ट्यूबचा तुकडा आणून चिकटवला. मूळ रबरापेक्षा टिकलाय.

सोबत आलेला गोल दिवा मात्र निव्वळ खोगीरभरती. ढालकिड्यासारख्या चकचकीत पाठीवर त्याचं अख्खं कडं उमटतं, बांगडी घातल्यासारखं. त्यावर बटर पेपर लावला तर थोडं निभतं. सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर तेही नको. थंडीत तर सकाळच गाठावी. गारठलेले किडे हलत नाहीत. (फोटोसाठी किडे फ्रिजमध्ये ठेवणारे लोक आहेत. त्यांनी एकदा पहाटे उठून बघावं.) डिसेंबरात हरिपूरला संगमावर एक चतुर गवताच्या काडीला दव अंगावर घेऊन बसलेला सापडला. फोटो मोठा करून पाहिला तर पंखावरच्या थेंबाथेंबात पलीकडचा काठ उलटा.

सप्टेंबरचं सांगायचं राहिलं. मामाच्या उसात दोन-चार पानांखाली पांढरं दिसलं. २००२ साली आपल्या जिल्ह्यात उसावर लोकरी मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आला तेव्हा मी बारावीत होतो. उसातून आलं की कपडे पांढरे, आणि माव्याच्या चिकट पाण्यावर काळी बुरशी चढून पानं काजळी फासल्यासारखी. त्याचा धसका मामाला अजून आहे. मी लेन्स लावली. मधल्या शिरेच्या कडेने दाटीवाटीने बसलेले जीव, प्रत्येकाच्या पाठीवर मेणाच्या पांढऱ्या धाग्यांचा झुपका. खरं सांगू? सुंदर होतं. मामाला तसं म्हणायची सोय नव्हती. तेवढ्यात त्या लोकरीत तोंड खुपसून बसलेली एक अळी दिसली. मामाने फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला. "डिफा हाय ती. हिला हात लावू नगं, ही आपली हाय." डिफा म्हणजे मावा खाणारी अळी, वीस वर्षांपूर्वी हीच माव्यावर सोडली होती म्हणे. नंतर अर्धा तास फोन मला मिळाला नाही.

घ्यायची असेल तर पळणाऱ्या किड्यांपासून सुरुवात करू नका. खिडकीत मरून पडलेल्या फुलपाखराचा पंख घ्या. बोटाला लागते ती भुकटी म्हणजे एकावर एक लावलेले खवले, कौलारू छपरासारखे. चांगला कॅमेरा असलेल्यांनी या लेन्सच्या वाटेला जाऊ नये, निराश व्हाल. बाकीच्यांनी खुशाल घ्यावी, फक्त ट्यूबचा तुकडा आधीच आणून ठेवा.

परवा आमराईत जास्वंदीच्या पानामागे मावा होता, मुंग्या होत्या. "काय हरवलंय?" विचारणारे नेहमीचे आजोबा आले. मी फोनच त्यांच्या हातात दिला. मुंगी मिशांनी माव्याची पाठ थोपटत होती. मागून एक थेंब आला, तिने पिऊन टाकला.

"धार काढतीया की ओ ही!" आजोबा म्हणाले आणि काठी बाजूला ठेवून खालीच बसले. मी उठायला लागलो तर म्हणाले, "थांबा की, दुसरी म्हस बघतीया ती."