पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग: आठ महिन्यांचा अनुभव

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या आमच्या प्रीमियर पद्मिनीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवून आठ महिने झाले आहेत. गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवायला खांद्यातून जोर लावावा लागे, आणि त्यापायी आईने ती चालवणेच सोडले होते. आता दादरच्या अरुंद गल्लीतही ती सहज गाडी लावते. केवळ एवढ्यासाठी हा खर्च मला पूर्णपणे सार्थ वाटतो.

मात्र पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगलगतच असल्यामुळे स्टिअरिंग वळवायला मदत करणारी विजेची मोटर बसवताना मेकॅनिकला ब्रॅकेट दोनदा नव्याने वेल्ड करावे लागले, आणि मोटर बरीच वीज खेचत असल्याने वीज तयार करणारा जुना डायनामो काढून जास्त वीज देणारा अल्टरनेटर घ्यावा लागला. घाटातल्या वळणावर पूर्वी रस्ता तळहातांना जाणवे, तो आता तितका जाणवत नाही, याचे मनापासून वाईट वाटते.

ज्यांची गाडी फक्त रविवारी बाहेर निघते, त्यांनी आधी किंगपिनना, म्हणजे पुढची चाके ज्या पिनांवर वळतात त्यांना, ग्रीस भरून आणि टायरमधली हवा तपासून पाहावी. आमच्या स्टिअरिंगचा बराचसा जडपणा सुकलेल्या किंगपिनमुळेच होता, हे काम सुरू झाल्यावर कळले. काढलेले मूळ भाग मी तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवले आहेत.