पीएसएम वन: सर्टिफिकेट मिळून काही महिने झाले, आता सविस्तर

आधी निकाल सांगते, मग तपशील. स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेची पीएसएम वन (प्रोफेशनल स्क्रम मास्टर, पहिली पातळी; स्क्रम ही छोट्या टप्प्यांत टीमने काम करण्याची पद्धत) ही परीक्षा देण्यासारखी आहे, पण तिच्या तयारीच्या नावाखाली जे विकलं जातं त्यातलं बरंचसं घेण्यासारखं नाही. मी पुण्यात एका विम्याच्या सॉफ्टवेअरवर टेस्टिंग करते. आमच्या टीमचा स्क्रम मास्टर, म्हणजे टीम स्क्रमच्या पद्धतीने काम करते का ते बघणारा, दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला आणि मॅनेजर म्हणाले, "तूच बघ ना आता, नाहीतरी सगळ्यांच्या मागे तूच लागतेस." तेव्हापासून टेस्टिंग आणि स्क्रम मास्टर अशी दोन्ही कामं माझ्याकडे आहेत, त्यामुळे अभ्यासाचा पुढे काय उपयोग झाला हेही सांगता येईल.

परीक्षेचं गणित असं: ८० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला ८५ टक्के. म्हणजे ६८ उत्तरं बरोबर हवीत आणि एका प्रश्नाला जेमतेम पाऊण मिनिट मिळतं. परीक्षा घरी बसून, इंग्रजीत. कोर्स सक्तीचा नाही. मी फी भरली तेव्हा ती २०० डॉलर होती, रुपयांत सतरा हजारांच्या वर. ही फी एका प्रयत्नाची. नापास झालात की पुन्हा तेवढेच पैसे. फी भरल्यावर मिळणाऱ्या परीक्षेच्या पासवर्डला मुदत नसते, त्यामुळे फी भरली म्हणून लगेच परीक्षेला बसण्याची घाई करू नका. सर्टिफिकेटही एकदा मिळालं की कायमचं, नूतनीकरण नाही.

इथेच लोक स्क्रम अलायन्स या दुसऱ्या संस्थेच्या सीएसएमशी (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) तुलना करतात. तिथे कोर्स सक्तीचा, परीक्षा ५० प्रश्नांची, ३७ बरोबर आले की पास, आणि दर दोन वर्षांनी पैसे भरून नूतनीकरण. परीक्षा सोपी आहे, पण कोर्स चांगल्या ट्रेनरचा मिळाला तर दोन दिवसांत चर्चा मात्र भरपूर होते. एकट्याने वाचायचा कंटाळा असेल तर सीएसएम घ्या. मला वाचायला आवडतं आणि स्वतःच्या खिशातून दर दोन वर्षांनी पैसे घालायला आवडत नाही.

पैसे भरताना एक गोष्ट. भारतात नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. रात्री अकराला "पेमेंट फेल्ड" बघून वेबसाइटला शिव्या देऊ नका. शिवाय बँक परकीय चलनाचं शुल्क वर लावते, ते वेगळं.

आता अभ्यास. मूळ ग्रंथ एकच, स्क्रम गाइड, म्हणजे स्क्रमचे नियम सांगणारी पुस्तिका. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या स्क्रमच्या दोघा जनकांनी लिहिलेली, फुकट उतरवून घेता येते, आणि नोव्हेंबर २०२० ची आवृत्ती मुखपृष्ठ धरून १३-१४ पानांची आहे. पहिल्यांदा वाचली की वाटतं, एवढंच? यासाठी सतरा हजार? हा भ्रम दुसऱ्या वाचनात उतरतो, कारण तिथे एकही वाक्य भरताड नाही. कोण ठरवतं, कोण उत्तरदायी आहे, काय सक्तीचं आहे आणि काय करता येईल एवढंच आहे, हे प्रत्येक वाक्यात वेगवेगळं येतं आणि प्रश्न नेमके त्यावर असतात. मी पेन्सिल घेऊन बसायचे आणि प्रत्येक वाक्यापुढे "कोण?" लिहून उत्तर मांडायचे. स्प्रिंट (कामाचा ठरलेला, जास्तीत जास्त महिन्याचा टप्पा) रद्द कोण करू शकतं? फक्त प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी घ्यायचं ते ठरवणारा). कामाचा अंदाज कोण देतं? ते काम करणारे डेव्हलपर. डेली स्क्रम, म्हणजे रोजची छोटी बैठक, कोणासाठी? डेव्हलपरसाठी, स्क्रम मास्टर किंवा प्रॉडक्ट ओनर स्वतः स्प्रिंट बॅकलॉगमधलं (त्या स्प्रिंटसाठी घेतलेल्या कामांच्या यादीतलं) काम करत असतील तर तेही त्यात, पण डेव्हलपर म्हणून. वेळेच्या मर्यादा तर पाठच पाहिजेत: महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग जास्तीत जास्त आठ तास, रिव्ह्यू (झालेलं काम दाखवण्याची बैठक) चार, रेट्रोस्पेक्टिव्ह (काम कसं झालं, काय सुधारायचं याची बैठक) तीन, आणि डेली स्क्रम पंधरा मिनिटं, स्प्रिंट कितीही लहान-मोठा असो.

अवघड काय जातं? ऑफिसचा अनुभव. आठ-दहा वर्षं "अजाइल"मध्ये (स्क्रम ज्यात मोडते त्या कामाच्या शैलीत) काढलेल्यांना ही परीक्षा फ्रेशरपेक्षा जड जाते असं माझं ठाम मत आहे. प्रश्नांचा नमुना म्हणून मीच बनवलेला एक देते. स्प्रिंट अर्धा संपलाय, डेव्हलपरच्या लक्षात आलं की घेतलेलं सगळं काम होणार नाही. काय करावं? पर्याय: स्प्रिंट तीन दिवस वाढवा, बाहेरून दोन माणसं आणा, स्प्रिंट रद्द करा, प्रॉडक्ट ओनरशी बोलून कामाची व्याप्ती पुन्हा ठरवा. गाइडनुसार उत्तर चौथं, स्प्रिंट गोलला, म्हणजे त्या स्प्रिंटच्या उद्दिष्टाला, धक्का न लावता. आमच्याकडचं खरं उत्तर पाचवं असतं, शनिवारी या, आणि ते पर्यायांत नसतं. हसू येतं, पण परीक्षेत असल्या सवयीच मार्क खातात. मॅनेजर टिकेटं वाटतो, लीड अंदाज देतो, टेस्टर म्हणजे टीममधली वेगळी टीम, "स्प्रिंट झीरो"त सेटअप करायचा आणि रिलीजआधी एक स्प्रिंट नुसत्या बगसाठी ठेवायचा: यातलं काहीच गाइडमध्ये नाही. गाइडप्रमाणे स्क्रम टीममध्ये उपटीम नाही, उतरंड नाही. टेस्टिंग करणारी मीसुद्धा तिथे डेव्हलपरच. हे वाचून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

स्टोरी पॉइंट, व्हेलॉसिटी, युजर स्टोरी, जिरा हे कामाच्या अंदाजांचे आणि नोंदींचे, ऑफिसात रोज ऐकू येणारे शब्दही गाइडमध्ये शोधून सापडत नाहीत. मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न त्यांवरच असतो. तो अभ्यास वेगळा, या परीक्षेच्या भरवशावर राहू नका.

मॉक टेस्टबद्दल जरा राग आहे, म्हणून सविस्तर. स्क्रम डॉट ऑर्गवर स्क्रम ओपन नावाची फुकट चाचणी आहे, ३० प्रश्न, ३० मिनिटं, कितीही वेळा द्या. ती उत्तम, आणि प्रत्येक उत्तराखाली कारणही देतात. पण तेच प्रश्न फिरून येतात, त्यामुळे शंभर टक्के पडू लागले की ते पाठांतराचे शंभर असतात. खरे प्रश्न लांब असतात, दोन किंवा तीन पर्याय निवडा म्हणतात आणि दोन पर्याय जवळजवळ जुळे दिसतात. प्रॉडक्ट ओनर ओपन आणि डेव्हलपर ओपन याही चाचण्या द्या, तिथले विषय पीएसएममध्ये डोकावतात.

याच्या पलीकडे मी एका क्लासचा प्रश्नसंच विकत घेतला होता. नाव लिहीत नाही. त्यात डेव्हलपमेंट टीम तीन ते नऊ जणांची असं "बरोबर" उत्तर होतं. ते २०१७ च्या गाइडमधलं. २०२० मध्ये डेव्हलपमेंट टीम ही संकल्पनाच काढली. आता एकच स्क्रम टीम आणि ती साधारणपणे दहा किंवा कमी जणांची. दुसरं उदाहरण जास्त घातक. रेट्रोस्पेक्टिव्हमधून निघालेली किमान एक सुधारणा पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमध्ये घ्यायलाच हवी, असं त्यात छापलेलं. २०१७ साली ते खरं होतं. आत्ताच्या गाइडमध्ये महत्त्वाच्या सुधारणा लवकरात लवकर हाताळा, हव्या तर स्प्रिंट बॅकलॉगमध्ये घाला, इतकंच आहे, सक्ती गेली. डेली स्क्रमचे ते प्रसिद्ध तीन प्रश्नही गेले. क्लासवाल्यांना मेल केला तर "सर अपडेट करत आहेत" असं उत्तर आलं, पैसे परत नाहीत. प्रश्नसंच घ्यायचाच असेल तर आधी फुकट नमुन्यात प्रॉडक्ट गोल (प्रॉडक्टचं दीर्घकालीन उद्दिष्ट) हा शब्द शोधा. तो २०२० मध्येच आला. नसेल तर तो संच रद्दीत विकण्याच्याही लायकीचा नाही.

एकाच प्रॉडक्टवर अनेक टीम असतील तर काय, यावर मी धरलं होतं त्यापेक्षा जास्त प्रश्न आले. गाइडमध्ये त्यावर मोजकी वाक्यं आहेत: प्रॉडक्ट एक तर प्रॉडक्ट बॅकलॉग (करायच्या सगळ्या कामांची यादी) एक, प्रॉडक्ट गोल एक, प्रॉडक्ट ओनर एक, आणि डेफिनिशन ऑफ डन (काम "पूर्ण" कधी म्हणायचं त्याची व्याख्या) सगळ्यांनी मिळून ठरवलेली, सगळ्यांना लागू. ही चार सूत्रं घट्ट असली की तसले बहुतेक प्रश्न सुटतात.

परीक्षेच्या दिवशीचं थोडक्यात. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, नेट गेलं तरी नाही. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे ठाऊक असणाऱ्यांनी गुरुवार टाळावा, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवावा. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जाता येतं. पहिली फेरी भरभर, दुसऱ्या फेरीत खुणा केलेले. निकाल लगेच पडद्यावर येतो. कोणत्या विषयात कच्चे आहात ते कळतं, पण कोणता प्रश्न चुकला ते कळत नाही.

आता काही महिन्यांनंतरचं. पगारात फरक? शून्य. लिंक्डइनवर रिक्रूटरचे मेसेज वाढले, त्यातले निम्मे नोटीस पिरियड विचारून गायब होणारे. अप्रेझलमध्ये एक ओळ वाढली. सर्टिफिकेटने नोकरी मिळेल या आशेवर बसलेल्या फ्रेशरना सांगते, नुसत्या याच्यावर कोणी स्क्रम मास्टर म्हणून घेत नाही.

कामात मात्र फरक पडला, आणि तो एकाच जागी ठळक दिसतो: डेफिनिशन ऑफ डन. डनमध्ये न बसलेलं काम रिलीज करायचं नाही, एवढंच नाही तर स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये दाखवायचंही नाही, ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत जातं, असं गाइड सांगते. आमच्याकडे "नव्वद टक्के झालंय" म्हणून क्लायंटला डेमो द्यायची जुनी प्रथा. पॉलिसी रिन्यूअलच्या स्क्रीनवर प्रीमियम बरोबर दिसायचा, पण उशिरा भरल्यावरचा दंड मोजलाच जायचा नाही; क्लायंट खुश होऊन जायचा आणि दोन आठवड्यांनी तोच क्लायंट बग लॉग करायचा. आम्ही टीमने बसून डनची यादी केली: कोड रिव्ह्यू, रिग्रेशन (जुनं काही बिघडलं नाही ना याची तपासणी), दंडाच्या आणि वाढीव मुदतीच्या सगळ्या केसेस तपासलेल्या. त्यानंतरच्या पहिल्या रिव्ह्यूत दाखवायला तीनच गोष्टी उरल्या. मॅनेजरांचा चेहरा पडला. क्लायंटच्या प्रॉडक्ट ओनर बाईंनी मात्र त्या तिन्ही तिथल्या तिथे स्वतः वापरून पाहिल्या आणि त्याच आठवड्यात रिलीज मागितलं. रिव्ह्यू ही रिलीजची परवानगी नाही, हेही गाइडमध्येच आहे. रिलीज रिव्ह्यूच्या आधीही देता येतं.

बाकी ठिकाणी यश अर्धवट. डेली स्क्रम पंधरा मिनिटांत संपतो, पण मॅनेजर अजून येतात आणि "स्टेटस?" विचारतात. मी बाकीच्यांना त्यांच्याकडे न बघता बोर्डाकडे बघून बोलायला सांगितलंय, त्याने थोडा फरक पडतो. शनिवार अजून पूर्ण बंद झालेला नाही.

पुढे पीएसएम टू द्यावी का असं बरेच जण विचारतात. ३० प्रश्न, ९० मिनिटं, पास व्हायला पुन्हा ८५ टक्केच, फी २५० डॉलर, आणि प्रश्न प्रसंगांवरचे. मी इतक्यात देत नाही. पुढचे दोन-तीन रिलीज स्वतः हाताळून मग बघेन. आणि फी कंपनीकडून परत मिळणार असेल तर एचआरला आधी लेखी विचारा. आमच्याकडे पास झाल्यावरच मिळते, तीही बिल कंपनीच्या नावाचं नसेल तर अडते. परीक्षेची पावती आपल्या नावाची येते, त्यावरून माझं प्रकरण अजून फायनान्सकडे फिरतंय.