फाउस्टो कार्मोनाचं २००८ चं टॉप्स कार्ड: बेसबॉल आवडत असेल तर घ्याच

टॉप्स ही बेसबॉल खेळाडूंची फोटोकार्डं छापणारी अमेरिकन कंपनी, आणि कार्मोना म्हणजे क्लीव्हलँड संघाचा पिचर, बॉल टाकणारा. कार्ड जुनी कार्डं विकणाऱ्या एका ऑनलाइन सेलरकडून घेतलं. कार्ड एकदम स्वस्त, पॅकिंग मात्र यथातथाच, साध्या पाकिटात टाकून पाठवलं त्यामुळे एक कोपरा दबलाय. प्रिंट छान आहे, रंग अजून ताजे.

पण खरी मजा मागच्या बाजूला. तिथे नाव फाउस्टो कार्मोना, जन्म डिसेंबर १९८३, आणि दोन्ही खोटं! खरं नाव रॉबर्टो हर्नांडेझ, जन्म १९८० चा. आपल्याकडे ज्युनियर क्रिकेटमधे वयचोरी चालते ना, त्यातलाच प्रकार, पण डॉमिनिकन रिपब्लिकमधे अमेरिकन क्लबवाले पोरांना सोळा-सतराव्या वर्षीच साइन करतात, विशी गाठली की भाव एकदम पडतो, मग गरीब घरातली पोरं दुसऱ्याची कागदपत्रं लावतात. क्लीव्हलँडने २००० साली याला सतराचा समजून घेतला, तेव्हा हा वीसचा होता.

आता आकडे बघा. २००६ ला १ विजय आणि १० पराभव, आणि लगेच खालच्या ओळीत २००७ ला १९-८, ईआरए (पिचरने नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन, फिल्डरच्या चुकांचे सोडून; जितका कमी तितका भारी) ३.०६!! त्या वर्षी साय यंगच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या मतदानात चौथा आला होता हा. प्लेऑफ (हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने) मात्र कार्डावर नाही आणि तीच सगळ्यात भारी गोष्ट आहे राव, ५ ऑक्टोबर २००७, समोर न्यूयॉर्कचा यांकीज संघ, जवळच्या लेक एरी तलावावरून चिलटांचे थवेच्या थवे मैदानात घुसले, यांकीजचा पिचर चेंबरलेन पार वैतागला, त्याच्या वाइल्ड पिचवर (कॅचरला अडवता न आलेला भरकटलेला बॉल) बरोबरी झाली, आणि हा तोंडावर मानेवर चिलटं बसलेली असताना शांतपणे टाकत राहिला, नऊ इनिंग, तीन हिट, एक रन, नवव्यात शेवटी यांकीजचा स्टार बॅटर ए-रॉड (अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ) याला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. मॅच क्लीव्हलँडने अकराव्यात काढली.

जानेवारी २०१२ मधे सांतो डोमिंगोला व्हिसासाठी अमेरिकन कॉन्सुलेटला गेला आणि तिथे पकडला गेला. सस्पेन्शन भोगून ऑगस्टमधे खऱ्या नावाने परत क्लीव्हलँडकडूनच खेळला. केलं ते चूकच, खऱ्या वयाने रांगेत उभ्या असलेल्या कुणाचा तरी चान्स गेला असणार, पण त्या रात्रीची बॉलिंग कुणाच्या कागदावर नव्हती, ती त्याचीच.

घेताना मागच्या बाजूचा फोटो आधी मागवा, जन्मतारीख स्वच्छ वाचता आली पाहिजे, आणि हार्ड प्लास्टिकच्या होल्डरमधेच पाठवायला सांगा. कार्डाला पाचपैकी साडेचार, पॅकिंगला दोन.