जुन्या वृत्तपत्रांचा विभाग: फायली उत्तम, बांधणी घातक

नागपुरातील एका जुन्या वाचनालयाच्या वृत्तपत्र विभागात मी गेल्या महिन्यात चार दिवस बसलो. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे वाचनालयाचे नाव देत नाही. दिवसाची फी 30 रुपये आहे, आणि हवे असलेले वर्ष आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून द्यावे लागते, कारण फायली माळ्यावरून उतरवाव्या लागतात.

मला पाहायचे होते ते तांबे प्रकरण. 1923 च्या निवडणुकीनंतर नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताच्या कौन्सिलात, म्हणजे विधिमंडळात, स्वराज्य पक्षाचे बहुमत झाले, मंत्र्यांचा पगार वर्षाला 2 रुपये मंजूर करून त्या पक्षाने द्विदल राज्यपद्धतीची (काही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे, महत्त्वाची गव्हर्नरकडे) कोंडी केली, आणि त्याच पक्षाचे, त्याच कौन्सिलचे अध्यक्ष झालेले अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे ऑक्टोबर 1925 मध्ये गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले. सरकारी पदे न घेण्याचे धोरण मोडले म्हणून पक्षाचे नेते मोतीलाल नेहरू संतापले, न. चिं. केळकर आणि मु. रा. जयकर यांनी उलट, म्हणजे पदे घ्यावीत अशी भूमिका घेतली, पक्ष फुटला, आणि फेब्रुवारी 1926 मध्ये अकोल्याला प्रतियोगी सहकारितावाद्यांनी, म्हणजे सरकार जसे वागेल तसे त्याच्याशी सहकार्य करावे असे म्हणणाऱ्यांनी, वेगळी चूल मांडली. इतिहासाच्या पुस्तकांत हे चार ओळींत आटोपते. फाईल वाचताना मात्र पुढच्या अंकात काय होणार हे माहीत असूनही पान उलटायची घाई होते, आणि पुढे 1929 मध्ये हेच तांबे काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले हे आठवले की त्या वेळच्या संतापाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

फायलींबद्दल तक्रार करण्याजोगे फार नाही. गोपाळराव ओगले यांनी 1914 मध्ये सुरू केलेल्या ‘महाराष्ट्र’चे आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या ‘हितवाद’चे बरेच अंक येथे आहेत, ‘केसरी’ही आहे. खरी अडचण बांधणीची. कधीतरी कोणीतरी सहा-सहा महिन्यांचे अंक इतके आवळून शिवले आहेत की आतल्या बाजूच्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीची कडेची दोन-तीन अक्षरे शिवणीत गेली आहेत. फाईल जोर लावून उघडावी तर लाकडाच्या लगद्याचा तो आम्लधर्मी कागद पापडासारखा मोडतो. दोन ठिकाणी फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली आहे. ती आता मधासारखी पिवळी पडून नेमका मजकूरच झाकते. अशा पानांना चिकटपट्टी लावणाऱ्याला माझ्या मते माळ्यावर पाऊलही ठेवू देऊ नये.

एक गोष्ट मात्र केवळ मूळ कागदावरच कळते. जानेवारी 1925 ची पाने कोपऱ्यांवर काळपट आणि मऊ झाली आहेत. त्या महिन्याच्या 12 तारखेला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याचा खून झाला, त्याच्यासोबत असलेल्या, इंदूरच्या दरबारातून निघून आलेल्या मुमताज बेगमला पळवून नेण्याचा प्रयत्न फसला, आणि धागा त्या दरबारापर्यंत पोहोचून पुढल्या वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. वाचकांच्या अंगठ्यांनी ही पाने झिजली आहेत. ऑक्टोबरातली तांब्यांची पाने कोरी करकरीत आहेत. आपल्याच प्रांतातल्या भानगडीपेक्षा मलबार हिलच्या भानगडीत नागपूरकरांना अधिक रस होता, असे या कोपऱ्यांवरून म्हणायला हरकत नाही. ते अंगठे कोणत्या दशकातले, हे अर्थातच फाईल सांगत नाही.

सूची नाही, तिची जागा तेथील कर्मचारी काकांनी घेतली आहे. 1923 चा झेंडा सत्याग्रह (राष्ट्रीय झेंडा मिरवण्याच्या हक्कासाठी नागपुरात झालेला) म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठी न पाहता एप्रिल ते ऑगस्टची फाईल टेबलावर आणून ठेवली. ते रजेवर असतील त्या दिवशी जाऊ नये. तिसऱ्या दिवशी मला तोच अनुभव आला: 1925 ऐवजी 1935 हाती आले आणि अर्धा दिवस वाया गेला, फी मात्र पूर्ण घेतली गेली.

छायाप्रत काढू देत नाहीत, आणि कागदाची अवस्था पाहता ते योग्यच आहे. मोबाइलने फोटो काढता येतो, पानामागे 10 रुपये पडतात, पावती मिळते. प्रकाश फक्त खिडकीजवळच्या टेबलावर पुरेसा आहे, तेव्हा 11 च्या आत पोहोचावे.

नोव्हेंबर 1925 ची फाईल, म्हणजे पक्षातली हमरीतुमरी रंगली तो महिना, बांधणीसाठी बाहेर गेली आहे असे सांगण्यात आले. परत आली की कळवतो म्हणून माझा नंबर लिहून घेतला. फोन अजून आलेला नाही.