फ्लॅपर युगाचे कपडे आतून पाहायचे असतील तर : लंडनचे व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे नवे भांडार, व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस, ३१ मे २०२५ रोजी सर्वांसाठी खुले झाले. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी पूर्व लंडनमध्ये उभारलेल्या माध्यम केंद्राच्या इमारतीत ते आहे आणि तेथे प्रवेशशुल्क नाही. तेथील ‘ऑर्डर ॲन ऑब्जेक्ट’ ही सेवा हा या परीक्षणाचा विषय आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून पाच वस्तूंपर्यंत निवड करायची, किमान दोन आठवडे आधी वेळ ठरवायची, आणि ठरल्या दिवशी कर्मचारी त्या वस्तू टेबलावर आपल्यासमोर मांडतात. त्यासाठी संशोधक असावे लागत नाही. १९२० च्या दशकातील बॅलेचे पोशाख आणि त्याच काळात ‘फ्लॅपर’ म्हणजे नव्या वळणाच्या तरुण स्त्रिया घालत असलेले कपडे यांचे नाते ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला याहून चांगली सोय मिळणे कठीण आहे, असे माझे मत आहे.

या नात्याचा सर्वांत ठळक पुरावा मागवावा लागत नाही, कारण तो भिंतभर टांगलेला आहे. ‘ल त्रँ ब्ल’ (निळी गाडी) या बॅलेचा दर्शनी पडदा उंचीला दहा मीटरहून अधिक असून वाळूवर हात धरून धावणाऱ्या दोन अवाढव्य स्त्रिया त्यावर रंगवल्या आहेत. मूळ चित्र पिकासोचे, १९२२ मधले आणि जेमतेम हातभर रुंदीचे. ते पडद्यावर मोठे करण्याचे काम अलेक्झांडर शेर्वाशिद्झे याने केले, आणि ते पिकासोला इतके पसंत पडले की त्याने पडद्यावर स्वतःची सही करून तो बॅले मंडळीचा चालक दियागिलेव्ह याला अर्पण केला. एका दशकाहून अधिक काळानंतर तो पुन्हा लोकांसमोर आला आहे. तो पाहताना घाई करू नये.

हा बॅले २० जून १९२४ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे थिएटरमध्ये दियागिलेव्हच्या बॅले रूस या मंडळीने सादर केला. संहिता झाँ कॉक्तोची, संगीत दारियुस मियोचे, नृत्यरचना ब्रॉनिस्लावा निजिन्स्काची आणि वेशभूषा पॅरिसची फॅशन रचनाकार कोको शनेल हिची होती. पॅरिसच्या श्रीमंतांना रिव्हिएरा या दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्याकडे नेणाऱ्या आलिशान गाडीचे नाव बॅलेला दिले असले, तरी रंगमंचावर गाडी नाही, समुद्रकिनारा आहे. पात्रे पोहणारी, टेनिस आणि गोल्फ खेळणारी. निजिन्स्काने स्वतः केलेली टेनिसपटू सुझान लाँग्लेनवर बेतलेली होती, तर गोल्फ खेळणारा प्रिन्स ऑफ वेल्सच्या धर्तीवर जर्सी आणि ढगळ, गुडघ्याखाली बांधलेली विजार घालून येत असे. शनेलने त्यांच्यासाठी वेगळे नाटकी पोशाख काढलेच नाहीत. तिच्या दुकानातील गिऱ्हाइके जे घालत, तेच विणलेले लोकरी कापड तिने नर्तकांच्या अंगावर चढवले.

फॅशन म्हणून हा निर्णय अचूक होता, परंतु नृत्याचा पोशाख म्हणून मी त्याला पूर्ण गुण देणार नाही. या बॅलेतील नर्तिका लिडिया सोकोलोव्हा हिने घातलेला गुलाबी पोहण्याचा पोशाख या संग्रहालयाच्या मालकीचा आहे, आणि संकेतस्थळावरील छायाचित्रांतही त्याचा ढिला, सरळसोट आकार लक्षात येतो. बॅलेची चोळी कमरेला घट्ट बसते, कारण जोडीदाराला नर्तिकेला उचलताना तेथे पक्की पकड लागते. विणलेली लोकर मात्र हाताखाली ताणते आणि सरकते. कानांतले मोठे नकली मोती जड होते आणि त्यांच्यामुळे संगीत नीट ऐकू येत नसे, असेही सोकोलोव्हाने आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या काळच्या स्त्रीला मोकळे करणारे कापड नर्तिकेच्या वाट्याला अडचण होऊन आले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

टेबलावर मागवण्यासाठी मी त्याच दशकातील मणीकाम केलेला संध्याकाळचा झगा सुचवेन. समोरून पाहिले तर नुसती चमक दिसते. आतली बाजू पाहिली की झिरझिरीत रेशमावर साखळी टाक्याच्या अखंड रांगा दिसतात. हे काम आपल्याकडच्या आरीकामाच्याच कुळातले आहे, कारण हुकाच्या सुईने भरण्याची ही पद्धत युरोपात अठराव्या शतकात भारतातून गेली. धाग्याचे एक टोक सुटले तर मण्यांची आख्खी रांग उसवते, आणि मण्यांच्या वजनाने खांद्याजवळचे रेशीम फाटते; म्हणूनच असे झगे टांगून न ठेवता आडवे ठेवतात. कमरेची शिवण नितंबांवर उतरलेली, आत कंबर आवळणाऱ्या काचोळीच्या ताठ पट्ट्या नाहीत, खांद्यापासून खालपर्यंत कापड सरळ पडलेले. नाचताना या झग्याचे वजन कसे हेलकावत असेल, हे टेबलाशी उभे राहिल्यावरच कळते. काचेच्या कपाटातल्या पुतळ्याकडे पाहून ते कळत नाही.

जोडीला चित्रकार लेऑन बाक्स्टने दियागिलेव्हच्याच ‘द स्लीपिंग प्रिन्सेस’ या बॅलेसाठी केलेल्या १९२१ च्या पोशाखांपैकी एखादा उपलब्ध असल्यास अवश्य पाहावा. लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरमधील तो प्रयोग इतका खर्चिक होता की दियागिलेव्ह कर्जात बुडाला आणि नेपथ्य व पोशाख जप्त झाले. त्या जरतारी घोळांनंतर तीनच वर्षांनी शनेलची लोकर आली.

सेवेच्या मर्यादा निवडीपूर्वी जाणून घ्याव्यात. प्रत्येक वस्तू मागवता येत नाही. काही प्रदर्शनात असतात, काही अतिनाजूक असतात. भारतातून जाणाऱ्यांनी तिकिटे काढतानाच वेळ ठरवावी आणि पाचही जागा झगमगत्या कपड्यांवर खर्च करू नयेत. एक मणीकामाचा झगा, एक साधा विणलेला कपडा, एक खेळाचा पोशाख आणि एक रंगमंचीय पोशाख अशी निवड केल्यास तुलना खरोखर साधते. शिवणी, अस्तर आणि बंद कोठे आहेत ते आधी पाहावे, नक्षी नंतर. वेळ उरला तर त्याच इमारतीत आग्र्याच्या किल्ल्यातील सतराव्या शतकातील संगमरवरी खांबांची ओळही आहे.