दहा वर्ज्य आणि अकरावी

नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या नृत्यावरील संस्कृत ग्रंथात नर्तकी कशी असावी हे सांगताना ‘तन्वी रूपवती श्यामा पीनोन्नतपयोधरा’, म्हणजे सडपातळ, रूपवान, श्यामा, भरदार आणि उन्नत स्तनांची, अशी सुरुवात होते आणि पुढे लगेच कोणत्या दहा स्त्रियांनी नाचू नये याची यादी येते. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली यातला पहिला श्लोक परीक्षेसाठी पाठ करतात, दुसरा बहुधा घाईने उरकतात. पुण्यात नुकत्याच पाहिलेल्या एका एकल नृत्यप्रयोगाने हा दुसरा श्लोकच मंचावर आणला आहे. प्रयोग अजून घडतो आहे आणि निमंत्रितांसमोर स्वेच्छामूल्याने होतो आहे, त्यामुळे नाव छापू नये अशी नर्तकीची विनंती आहे आणि ती मी पाळते. ती चाळिशीची आहे, अंगाने भरलेली आहे आणि हे मी लिहिते आहे ते केवळ प्रयोगाचा विषयच तो आहे म्हणून.

पडदा नाही, नटराजाची मूर्ती नाही. ती येते तेव्हा पोशाख रीतसर भरतनाट्यमचा आहे, डोक्यावर चंद्र-सूर्याचे दागिने आहेत, वेणीत गजरा आहे, फक्त गळ्यात हाराच्या जागी शिंप्याची पिवळी मोजपट्टी आहे. ती अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसते आणि नट्टुवांगम करणारा, म्हणजे झांजेवर ताल धरून नाचाचे बोल म्हणणारा आवाज बोलांऐवजी मापे सांगू लागतो: छाती, कंबर, नितंब. छत्तीस, चोवीस, छत्तीस. हे आकडे कानाला इतके सवयीचे आहेत की प्रेक्षक लगेच हसतात, पण खरी गंमत पुढे आहे, कारण तिने या आकड्यांची सरळ जती, म्हणजे तालात बसवलेली नाचाची रचना, बांधली आहे. आदि ताल आठ मात्रांचा, म्हणजे दर आठ मात्रांना एक आवर्तन पुरे होते. पहिल्या छत्तीस मात्रा साडेचार आवर्तनांत संपतात, म्हणजे पट्टी पुरी होते तेव्हा ताल अर्ध्यावरच लटकलेला असतो आणि ती एका पायावर तशीच तोल सावरत उभी राहते. चोवीस मिळवले तरी साठ, म्हणजे साडेसात आवर्तने, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, अजूनही हाती लागत नाही. शेवटचे छत्तीस झाले की शहाण्णव मात्रा, बरोबर बारा आवर्तने, आणि ती समेवर येते ती धापा टाकत, घामाने काजळ ओघळलेल्या अवस्थेत. प्रमाणबद्धता गाठेपर्यंत बाईची काय गत होते, हे एवढ्या स्वच्छ हिशेबाने सांगितलेले मी याआधी पाहिले नव्हते. मराठीत छत्तीसचा आकडा म्हणजे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले तीन आणि सहा, हेही ती विसरलेली नाही: डावा हात तीनचा, उजवा सहाचा, दोघांनी एकमेकांकडे पाठ करायची आणि मध्ये ती स्वतः, कुणाची बाजू घ्यावी ते न कळणारी.

मग दहा वर्ज्य स्त्रियांची यादी सुरू होते. पुष्पाक्षी म्हणजे डोळ्यात फूल पडलेली, केशहीना, स्थूलोष्ठी, लंबितस्तनी म्हणजे ओघळलेल्या स्तनांची, अतिस्थूला, अतिकृशा, अत्युच्चा, अतिवामना, कुब्जा आणि स्वरहीना. प्रत्येकीला ती दोन-तीन मिनिटे देते, पण सगळ्यांना सारखी नाही आणि तसेच योग्य आहे. केशहीना आणि स्वरहीना चटकन निघून जातात. अतिस्थूला आणि अतिकृशा यांना मात्र तिने एकाच लग्नाच्या मांडवात उभे केले आहे. तीच आत्या पहिलीला ‘बाळसं धरलंस गं’ म्हणते, दुसरीला ‘सुकलीस अगदी, सासरी जेवायला घालत नाहीत का?’ म्हणते आणि दोघींच्या पानात तोच जिलबीचा आग्रह करते. आत्याची भूमिकाही तीच करते, निव्वळ हनुवटी आत ओढून आणि पदर खोचून. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी ‘बाळसं’ हा शब्द ऐकताच नकळत स्वतःचा पदर पोटावरून सारखा केला आणि आपण काय केले हे लक्षात येताच त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. खांदे हलून डोळ्यांत पाणी येते ते अपहसित, आणि शास्त्राप्रमाणे ते उत्तम प्रकृतीच्या, म्हणजे थोर स्वभावाच्या, माणसांना शोभत नाही. त्या सभागृहात उत्तम प्रकृतीचे कुणी उरले होते असे वाटत नाही.

या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग लंबितस्तनीचा. नाव उच्चारताच सभागृहात एक अवघडलेली शांतता पसरली, कारण मांडीवर मुली घेऊन आलेल्या आयाही तिथे होत्या. भरतनाट्यममध्ये अलपद्म ही हस्तमुद्रा उमललेल्या कमळासाठी वापरतात आणि स्तनांसाठीही. यशोदा कृष्णाला पाजते, हा वात्सल्याचा प्रसंग प्रत्येक नर्तकी करते आणि प्रत्येक वेळी तो कृष्णाच्या बाललीलांकडे वळतो. ही नर्तकी वळत नाही. बाळ पिते, ढेकर देते, रांगते, उठून खेळायला जाते, आणि यशोदा तिथेच बसून राहते. तिचे अलपद्म हळूहळू, एकेक बोट मिटत, खाली झुकते. ती ते उचलून पुन्हा जागेवर ठेवते, ते पुन्हा खाली येते. तिसऱ्यांदा ती त्याच्याकडे असे पाहते, जसे आपण दर वेळी निसटणाऱ्या परकरच्या नाडीकडे पाहतो. हसू फुटते, पण ते तिच्या शरीराला हसणे उरत नाही. पीनोन्नत असावी ही अट घालणाऱ्याला मूल कोण पाजणार होते, एवढाच प्रश्न हवेत राहतो आणि तो ती तोंडाने विचारत नाही.

नाट्यशास्त्रातील हास्यरसाच्या विवेचनात व्यंगदर्शन हे हास्याचे एक कारण म्हणून येते, आणि हा रस मुख्यतः स्त्रियांत आणि नीच प्रकृतीच्या पात्रांत दिसतो असेही तिथे म्हटले आहे. प्रत्यक्षात मात्र आपल्याकडच्या मंचावर हसवण्याचे काम स्त्रीकडे फारसे आलेच नाही. तमाशाच्या गवळणीतील मावशी पाहावी: थोराड, पदर सावरणारी, कंबर मोडत चालणारी ही बाई पिढ्यान्पिढ्या पुरुषानेच उभी केली. नाचणारीने सुंदर दिसायचे आणि सोंगाड्याने हसवायचे, अशी वाटणी ठरलेली. उत्तरार्धात नर्तकी घुंगरू सोडून चाळ बांधते, नऊवारी नेसते आणि मावशी होते. पुरुषाने मावशी केली की मोठे पोट, बसका आवाज, डुलणारी चाल हाच विनोद असतो. हिचे पोट खरेच आहे, चालही स्वतःचीच आहे, आणि ती मावशी म्हणून पहिला ठेका धरते तेव्हा पाय इतके हलके पडतात की विनोदाची सगळी तयारी करून बसलेला प्रेक्षक क्षणभर गोंधळतो. मला वाटते, या प्रयोगाची किल्ली इथेच आहे: हसू शरीरावरून उचलून मोजणाऱ्याकडे नेऊन ठेवायचे, आणि तेही त्याला कळायच्या आत. लावणीच्या अंगाने तिचा अभ्यास भरतनाट्यमइतका खोल नाही, हे गिरक्यांमध्ये दिसते. अदाकारीत मात्र ते जाणवत नाही.

गोरेपणाच्या क्रीमचा प्रवेश मला मुळीच आवडला नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या आणि २०२० साली नावातून ‘फेअर’ काढून टाकलेल्या त्या क्रीमवर एव्हाना इतके बोलून झाले आहे की मंचावर तोंडाला पांढरी पावडर फासणे हा विनोद राहिलेला नाही, आणि इथे तो चांगला दहा मिनिटे चालतो. त्यातल्या त्यात एक जागा चांगली आहे. नंदिकेश्वराने नर्तकी ‘श्यामा’ असावी असे म्हटले आहे. संस्कृतात श्यामा म्हणजे तरुणी असाही अर्थ होतो, पण नर्तकी तो पंडिती आडोसा बाजूला सारते आणि सावळ्या गालावरची पावडर पदराने पुसत श्लोकातला तो शब्द परत परत म्हणून घेते. एवढेच ठेवून बाकीचे कापावे. त्याहून मोठी चूक शेवटी होते. नाच संपल्यावर ती माइक हातात घेऊन आपण काय दाखवले ते पाच-सात मिनिटे समजावून सांगते, आणि ज्या यशोदेने काहीही न बोलता सगळे सांगितले होते तिच्यावर ‘सौंदर्याचे मापदंड’ वगैरे शब्दांचा थर चढतो.

मी सहा वर्षे जिथे नृत्य शिकले तिथे वार्षिक कार्यक्रमात रुंद मुलींना मागच्या ओळीत उभे करण्याची पद्धत होती आणि मी कायम मागच्याच ओळीत होते, म्हणून कदाचित मी या प्रयोगाशी अधिक नरमाईने वागत असेन. ज्यांना भरतनाट्यम अजिबात ठाऊक नाही त्यांचीही अडचण होत नाही, कारण प्रत्येक श्लोकाआधी त्याचा मराठी अर्थ स्वच्छ सांगितला जातो. बारा वर्षांच्या पुढच्या मुलींना जरूर न्यावे, त्या आयांपेक्षा मोकळ्या हसतात. प्रयोग सत्तर मिनिटांचा असून मध्यंतर नाही. बैठक सतरंजीवर आहे, पाठ टेकायला काही नाही आणि यशोदेचा प्रवेश बसून असल्यामुळे चौथ्या ओळीपासून मागे तो नीट दिसत नाही. मंच वीतभर जरी उंच असता तरी भागले असते, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसावे.

पुढे बसण्याचा एक धोका आहे. शेवटच्या तिल्लानात, म्हणजे समारोपाच्या द्रुत नाचात, ती गळ्यातली मोजपट्टी सोडवून तिचे एक टोक पहिल्या ओळीतल्या कुणाच्याही हाती देते आणि दुसरे स्वतःकडे ठेवून नाचते. आमच्या वेळी ते टोक एका निवृत्त दिसणाऱ्या काकांच्या हाती आले. त्यांनी ते दोन्ही हातांनी, प्रसादासारखे धरून ठेवले. तिने आपले टोक केव्हा सोडून दिले हे त्यांना कळले नाही, आणि टाळ्या थांबून सतरंज्या गुंडाळायला लागल्या तरी ते पट्टी घेऊन दाराशी उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, ‘अहो, हे कुणाकडे द्यायचं?’